अधिक मासात अडलेली नौका

ज्याच्या इच्छेने पाण्यावर लाकूड तरते, त्या श्रीनारायणाला प्रथम वंदन करतो. आज निज ज्येष्ठाची द्वितीया. काल प्रतिपदेला आमच्या गावच्या पाझर तलावात दोन हात लांबीची एक लाकडी युद्धनौका सोडली. मुहूर्त मी काढला होता, मंत्रही मीच म्हटले. ती तरताना ज्याला पाहायची होती, तो गृहस्थ मात्र तेथे नव्हता. मी दिलेला दिवस त्याच्या दिवसांच्या पलीकडचा निघाला. देह थकला आहे, बोटे लेखणी नीट धरत नाहीत; तरीही हे लिहून ठेवतो.

मालेगावहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचे गाव. समुद्र येथून इतका दूर की बहुतेकांनी तो चित्रातच पाहिला आहे, आणि त्यांत मीही आलो. अशा गावातील एक मुलगा नौदलात गेला, जहाजावरची सुतारकामे करता करता म्हातारा झाला आणि निवृत्तीनंतर परत आला. गाव त्याला नेव्हीवाला म्हणते. दुसरा त्याचा बालमित्र, पायदळातील हवालदार. त्याने वाळवंट पाहिले, बर्फ पाहिला. त्या बर्फाने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे ठेवून घेतली. समुद्र त्याच्याही वाट्याला आला नाही.

नेव्हीवाल्याच्या पडवीत गेली चार वर्षे लहान जहाजे घडत होती. सागाच्या बारीक पट्ट्या गरम पाण्यात भिजवून तो त्यांना बाक देई आणि सांगाड्यावर बसवी. हवालदार शेजारी बसून दोऱ्याला मेण चोळी आणि उरलेल्या आठ बोटांनी शिडे व कठडे बांधी. बॉलपेनच्या रिकाम्या कांड्यांच्या तोफा होत, तुटक्या साखळीचा नांगर होई. संस्कृत शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी संध्याकाळही तेथेच जाई. मी काही करीत नसे. दोन वृद्ध माणसे एका गाठीसाठी अर्धा तास भांडतात, हे पाहण्यात मला समाधान वाटे.

"अबे, ही गाठ हाय का गाईचं दावं?" नेव्हीवाला म्हणे.

"तुह्या जहाजाले पळून जायची सवय हाय, म्हणून दाव्यानंच बांधली," हवालदाराचे उत्तर तयार असे.

आधीची सारी जहाजे कपाटात ठेवण्यासाठी होती. हे शेवटचे मात्र पाण्यात सोडायचे, असे ठरले होते. नेव्हीवाला ज्या नौकेवर सर्वाधिक काळ राहिला, तिची ही प्रतिकृती. पाण्यात ती उलटू नये म्हणून तिच्या तळाशी त्याने शिसे बसवले होते. हवालदार एकदा म्हणाला होता, "समुद्र त काही आता होत नाही आपल्याच्यानं. तळ्यात तरी तरंगतानी दाखव मले." त्यासाठीच हे सारे चालले होते.

नौका सिद्ध झाली त्या संध्याकाळी दोघे माझ्या घरी आले. नवी नौका प्रथम पाण्यात उतरते तेव्हा वेदमंत्र म्हणतात आणि एखादी स्त्री नाळीवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, नारळ फोडते, अशी आपल्या नौदलाची रीत असल्याचे नेव्हीवाल्याने सांगितले. नारळ हवालदाराच्या पत्नीने फोडावा आणि मंत्र मी म्हणावेत, अशी त्याची इच्छा होती.

"गुरुजी, उद्या जमन का?"

मी पंचांग उघडले. आयुष्यभर कोणी काही विचारले की हात तेथेच जातो. अधिक मास नुकताच लागला होता. मी म्हणालो, "हा महिना नव्या कार्याला वर्ज्य. निज ज्येष्ठाच्या प्रतिपदेला करू. महिनाभराचाच प्रश्न आहे."

हवालदाराचे घर बौद्ध. मुहूर्त त्याच्या लेखी नव्हता आणि ते तो मोकळेपणाने सांगे. तो हसून म्हणाला, "धोंड्याच्या महिन्यात जावयाले अनारसे खाऊ घालता, अन् माह्या जहाजाले उपास कायले जी?"

मीही हसलो. हसता हसता त्याला धाप लागली. त्याने भिंतीला हात टेकला. उन्हाचा त्रास असेल, असे मी समजलो आणि त्याला पाणी दिले. नेव्हीवाल्याने माझ्याकडे पाहिले, मग मित्राकडे पाहिले. हवालदाराने किंचित नकारार्थी मान हलवली. "गुरुजीनं तारीख देली ना? मंग झालं. हुकूम तो हुकूम," असे म्हणून तो उठला.

त्यानंतर ऊन वाढत गेले. दुपारी गावात कुत्रेही फिरेना. तलावाचे पाणी रोज थोडे मागे सरे आणि मागे भेगाळलेला गाळ राही. हवालदार पडवीत येईनासा झाला. मी विचारले की नेव्हीवाला म्हणे, "गरमी हाय, पडून राह्यला." मी ते उत्तर स्वीकारले. दोन गल्ल्या ओलांडून जाण्याचाही त्या दिवसांत मला कंटाळा येई, हे येथे लपवत नाही.

अधिक मासाचे आठ दिवस उरले असताना हवालदार गेला.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावलेली होती. त्याची पत्नी दाराशी बसली होती. तिने मला बसायला चटई दिली आणि शांतपणे सांगितले, "अकोल्याच्या डॉक्टरनं आधीच सांगतलं होतं गुरुजी. फुफ्फुसं गेले म्हने. पंधरा-वीस दिवस, लय त महिना."

मी अंगणात नेव्हीवाल्याला गाठले. "तुम्हांला ठाऊक होते?"

"होतं."

"मग मला का सांगितले नाही?"

तो म्हणाला, "तोच सांगू देत नव्हता. म्हने, मी मुहूर्त मानत नाही, पण तू मानतं, गुरुजी मानतात. माह्यासाठी त्यायले पोथी कायले मोडाले लावतं? महिना त काढतोच, म्हने. बर्फात याच्याहून जास्त काढले." मग तो पुढे म्हणाला, "अन् गुरुजी, तुमी बी विचारलं नाही, उद्याच काहून पाह्यजे म्हणून."

त्याचे म्हणणे खरे होते. पोथी मोडण्याची गरजही नव्हती. आतुरासाठी, म्हणजे आजाराने गांजलेल्यासाठी, शास्त्र स्वतःच आपले नियम सैल करते, हे मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. विचारणाऱ्याची निकड आधी, तिथी नंतर, असे माझे गुरू सांगत. माझ्या समोर धाप लागलेला मनुष्य भिंतीला टेकून उभा होता आणि मी तिथी पाहत होतो. दोष पंचांगाला देता येत नाही. पंचांग उघडणारा मी होतो.

बौद्ध रीतीप्रमाणे त्याचा जलदानविधी झाला. नौका पडवीत कापडाखाली तशीच होती. तिचे आता काय करायचे, हे विचारण्याचे धैर्य मला नव्हते. प्रतिपदेच्या आदल्या दिवशी हवालदाराची पत्नीच नेव्हीवाल्याकडे आली आणि म्हणाली, "उद्याच हाय ना? त्यायनं कॅलेंडरवर गोल करून ठेवला."

म्हणून काल सकाळी आम्ही तिघे तलावावर गेलो. गाळातून वाट काढताना मला दोनदा थांबावे लागले. नेव्हीवाल्याने नौका तान्ह्या मुलासारखी धरली होती. पाण्याशी पोहोचल्यावर ती बाई नारळ हातात घेऊन थबकली. "माह्या हातानं चालते का तुमच्यात आता?"

मी म्हणालो, "हे कार्य तुमच्याच हातचे आहे, बाई. आज पंचांग मी घरी ठेवून आलो आहे."

नाळ अगदी नाजूक, म्हणून नारळ काठच्या दगडावर फोडला आणि त्याचे पाणी नाळीवर शिंपडले. मी मंत्र म्हटले. नौका पाण्यावर बसली, डाव्या अंगाला थोडी कलली आणि तशीच स्थिर राहिली.

"ते असते त म्हटलं असतं, वाकडी हाय," ती म्हणाली.

"वाकडी नाही वैनी," नेव्हीवाला म्हणाला. "वारा हाय."

वारा मुळीच नव्हता. आम्ही तिघे उन्हात उभे राहून तिच्याकडे पाहत होतो. काही वेळाने त्याने ती उचलली, आपल्या धोतराने पुसली आणि हवालदाराच्या पत्नीच्या हाती दिली. नौका आता त्यांच्या घरी आहे.

वाचकहो, तुमच्या दारी कोणी काही मागायला आले, तर त्याला उद्याच का हवे, हे आधी विचारण्याची बुद्धी श्रीनारायण तुम्हांला देवो. तुमच्या घरातील वृद्धांचा श्वास मोकळा राहो, लेकरे सुखी असोत, आणि तुमच्या मित्राला जे दाखवायचे असेल ते त्याच्या डोळ्यांदेखत घडो.