जॅनिसबाई गाडी घेतात

आमच्या गावात गाडी चालवणारे जितके लोक आहेत, त्यातल्या निम्म्यांना जॅनिस ब्रॅकनबरी यांनी शिकवलं आहे आणि उरलेल्या निम्म्यांकडे बघून त्यांनी मान हलवली आहे. मी पहिल्या गटातला, पण अगदी काठावरचा. चार वेळा नापास होऊन पाचव्यांदा मला लायसन्स मिळालं, तेव्हा जास्त आनंद मला झाला की त्यांना, हे अजून ठरलेलं नाही. पुढे मी नेमकं त्यांच्या शेजारचंच घर घेतलं, त्यामुळे माझं शिक्षण काही संपलं नाही. आजही मी गाडी मागे घेत असलो की बाई स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन उभ्या राहतात. कुंपणाला घासलं नाही की निराश होऊन आत जातात.

बाई दिसायला लहानखुऱ्या, केस कायम बसवलेले, आवाज मात्र असा की समोरचा आपोआप क्लच दाबतो. तेहतीस वर्षं त्या डाव्या सीटवर बसल्या. उजवीकडे घाम पुसणारं एखादं शिकाऊ पोर, डावीकडे बाई, आणि बाईंच्या पायाशी जास्तीचा एक ब्रेक. धुकं असो, बटाट्यांनी भरलेला ट्रॅक्टर समोरून येत असो, बाईंनी कधी आरडाओरडा केला नाही. "थांबू या, बाळा," एवढंच म्हणायच्या, आणि गाडी थांबलेली असायची.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी क्लबच्या हॉलमध्ये चहा ठेवला होता. सॉसेज रोल होते, लिंबाचा केक होता, आणि सगळ्यांनी मिळून घेतलेली एक भेट होती: ट्रॅकवरचा एक दिवस. आपली गाडी घेऊन जायचं, शर्यतीच्या रस्त्यावर दिवसभर हवी तेवढी पळवायची, संध्याकाळी त्याच गाडीने घरी यायचं. शर्यत नाही, बक्षीस नाही, पोलीसही नाही. आमच्याकडे बँकेतले लोक, प्लंबर, दातांचे डॉक्टर असे सगळे हौसेने जातात. बाईंना ही भेट द्यायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

लिफाफा उघडल्यावर सगळे हसले. तेवढ्यात बाईंची शेवटची विद्यार्थिनी, एकोणीस वर्षांची मुलगी, अगदी निरागसपणे म्हणाली, "बाई, तुम्हाला स्वतःला येतं का हो जोरात चालवायला?"

पुन्हा सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी केकचा तुकडा बशीत ठेवला आणि तो तिथेच राहिला.

घरी जाताना त्यांचा नवरा ट्रेव्हर म्हणाला, "मी फोन करून बघतो. त्याऐवजी बागेच्या दुकानाचं कुपन देत असतील तर बरं."

"कोणी सांगितलं तुला फोन करायला?" बाई म्हणाल्या.

ट्रेव्हर हा सव्वासहा फुटी माणूस. जन्मभर बस चालवून इतका कंटाळला की निवृत्तीनंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. घरात गाडी होती ती बाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलची, आणि ती तर परत गेली. आता एक जुनी गाडी घेणं भागच होतं. ट्रेव्हरला हवी होती उंच सीटची, मऊ गादीची, चार दारांची. बाईंना हवी होती ट्रॅकवर पळेल आणि बटाटेही आणेल अशी. हाताशी होते तीन हजार पौंड, आणि त्यात दोन गाड्या येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला कुंपणापाशी बोलावलं.

"शनिवारी काय करतोयस?"

"शनिवारी मी जरा..."

"काही करत नाहीयेस. माझ्याबरोबर गाड्या बघायला यायचं."

"बाई, मला गाड्यांमधलं काय कळतं?"

"काहीच कळत नाही, मला माहितेय. मीच शिकवलंय तुला." मग त्या जरा थांबल्या. "बाळा, मला गाडी थांबवता येते. जगातली कुठलीही गाडी, कोणीही चालवत असो. पण चालवता येते का, ते कधी बघितलंच नाही. ती पोरगी काही चुकीचं बोलली नाही."

शनिवारी मी गेलो.

पहिली गाडी शेजारच्या गावातल्या एका तरुणाची. लालभडक, मागे इस्त्रीच्या टेबलाएवढा पंख, आणि खाली सायलेन्सरची चार तोंडं. बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, डावीकडचं दार उघडलं आणि आत जाऊन बसल्या. तो तरुण किल्ली हातात घेऊन उजवीकडे उभाच.

"किल्ली याला द्या," बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "चालव रे."

मला वाटलं, सवयीने बसल्या असतील. मी चालवली. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, एका आजीने खिडकी लावून घेतली. परत आलो तेव्हा माझ्या कानात शिटी वाजत होती.

"कशी वाटली?" तरुणाने विचारलं. "आवाज ऐकलात ना?"

"आख्ख्या गावाने ऐकला," बाई म्हणाल्या. "ट्रॅकवर सकाळी फाटकाशीच आवाज मोजतात, राजा. शेजारच्या गावांतले लोक तक्रारी करतात म्हणून. ही गाडी घेऊन गेले तर मला फाटकावरूनच घरी पाठवतील."

"पण आवाज हीच तर हिची गंमत आहे."

"हो ना. दुसरी काही दिसत नाहीये."

दुसरी गाडी बघायला ट्रेव्हरही आला. मोठी, काळी, जर्मन, चामड्याच्या सीट, आणि सीट गरम करायचं बटण. ट्रेव्हर मागे बसला, त्याने पाय पसरले आणि बटण दाबून डोळे मिटले. मी पुन्हा चालक, बाई पुन्हा डावीकडे. गाडी लोण्यासारखी चालत होती, मला तर उतरावंसंच वाटेना.

"हीच घे," मागून ट्रेव्हर म्हणाला.

बाईंनी मालकाला टायरची किंमत विचारली. मग ब्रेकच्या पॅडची. मग गाडीचं वजन. उत्तरं ऐकताना त्यांचे ओठ बारीक होत गेले.

"जड आहे फार," त्या आम्हाला म्हणाल्या. "ट्रॅकवर एका दिवसात टायर खाईल, ब्रेक खाईल, आणि संध्याकाळी परत येताना आणखी पेट्रोल मागेल. असा एक नमुना माझ्या घरी आहे."

"मी ऐकतोय," ट्रेव्हर म्हणाला. पण सीट गरम होती, तो उठला नाही. शेवटी आम्ही दोघांनी ओढून त्याला बाहेर काढलं.

तिसरी गाडी चर्चमध्ये ऑर्गन वाजवून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची. हिरवी, जपानी, वीस वर्षांची, दोनच सीट आणि वरचा कापडी टप उघडणारा. इंजिन लहान, वजन त्याहून कमी, टायर शाळकरी सायकलच्या टायरपेक्षा थोडेच जाड. सीटच्या मागे लोखंडी कमान बसवलेली होती, कारण गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून अशी कमान असल्याशिवाय उघड्या गाडीला ट्रॅकवर घेतच नाहीत. म्हणजे या सभ्य गृहस्थांनीही कधीतरी तिथे मजा केलेली होती.

बाईंनी पर्समधून फ्रीजवरचं एक चुंबक काढलं, गाढवाच्या आकाराचं, कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावरून आणलेलं. मग त्या कोटासकट सरळ खडीवर आडव्या झाल्या. दाराखालच्या पट्टीवर ते गाढव इंचाइंचाने सरकवत नेलं. खरा पत्रा असेल तिथे गाढव चिकटायचं, गंजाचं भोक पुट्टीने बुजवलेलं असेल तिथे पडायचं. मागच्या चाकाजवळ ते पडलं.

जमिनीवरून आवाज आला, "हे काय?"

गृहस्थ लाल झाले. "ते सांगणारच होतो. चहा झाल्यावर."

"चहाआधी सांगितलं असतंत तर माझा कोट वाचला असता," बाई म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. एवढा एक तुकडा वेल्डिंगने दुरुस्त होण्यासारखा होता, बाकी सगळा पत्रा शाबूत होता. गृहस्थांनी किंमत उतरवली आणि चहाही केला.

चालवायला अर्थातच मी. वळणावर गाडी अशी वळली की मी न ठरवता हसलो. बाईंनी ते बघितलं. परत आल्यावर गृहस्थ म्हणाले, "तुम्ही नाही का चालवून बघणार?"

"मी बघितली ना," बाई म्हणाल्या आणि पर्स उघडून पैसे काढायला लागल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सवय नव्हती. बाई घाबरल्या होत्या.

घरी ट्रेव्हरने गाडीत बसून बघितलं. गुडघे हनुवटीला लागले, डोकं उघड्या टपातून वर गेलं.

"माझे पाय कुठे ठेवू?"

"घरी," बाई म्हणाल्या.

ट्रॅकवर जायचा दिवस येईपर्यंत बाई ती गाडी दुकानापर्यंतच नेत राहिल्या, तीसच्या वेगाने. आणि त्या दिवशी शेजारी बसायला मीच लागेन असं जाहीर झालं. मी ट्रेव्हरकडे बघितलं. त्याने आपल्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं.

ट्रॅक म्हणजे युद्धाच्या काळातला जुना विमानतळ. फाटकाशी आवाज मोजणाऱ्या माणसाने आमच्या गाडीला यंत्र दोनदा लावलं, कारण इंजिन चालू आहे यावर त्याचा विश्वास बसेना. मग सगळ्यांना नियम सांगितले: आरसा बघत राहा, मागून वेगवान गाडी आली तर इंडिकेटर देऊन तिला पुढे जाऊ द्या. आरसा म्हटल्यावर बाईंची मान ताठ झाली. ट्रॅकवर उतरलो आणि त्यांनी जी काही आरसा बघायला सुरुवात केली, की समोर बघायला त्यांना सवडच मिळेना. लाल गाडी आली, बाईंनी वाट दिली. पांढरी आली, वाट दिली. आमच्यापेक्षा हळू जाणारी एक बरीच मागे दिसली, तिच्यासाठी तर बाईंनी वेग कमी करून वाट दिली. जो तो हात वर करून आभार मानत होता, बाईही हात वर करत होत्या. मला वाटलं आम्ही कुणाच्या तरी लग्नात दाराशी उभे आहोत.

मग मागे एक निळी गाडी आली. बाईंनी इंडिकेटर दिला. ती पुढे येईना. चालवणारे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांनी हाताने खूण केली, तुम्ही आधी. बाईंनी खूण केली, छे छे, तुम्ही. त्यांनीही इंडिकेटर दिला. दोन्ही गाड्या हळू झाल्या, आणखी हळू झाल्या, आणि जिथे लोक शंभराच्या वर जातात त्या सरळ रस्त्यावर आम्ही चालत्या माणसाच्या वेगाने एकमेकांना आग्रह करत होतो.

काळा झेंडा दिसला. काळा झेंडा म्हणजे मुकाट्याने बाहेर या.

नारिंगी जाकिटातली आयोजक बाई आमची वाट बघत उभी होती. "वेग जास्त झाला म्हणून मी रोज लोकांना बोलावते," ती म्हणाली. "कमी झाला म्हणून आज पहिल्यांदा बोलावतेय."

निळ्या गाडीतले पेव्हरेल नावाचे गृहस्थ धावत आले आणि चूक आपलीच होती म्हणाले. बाई म्हणाल्या, नाही, माझीच. हेही बराच वेळ चाललं असतं, पण आयोजक बाईने दोघांना दोन दिशांना पाठवलं.

बाई कागदी पेल्यातला चहा घेऊन टायरच्या ढिगावर बसल्या. त्यांना इतकं खचलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

"जमतंय हळूहळू," मी म्हणालो.

"खोटं बोलू नकोस. तुला येत नाही." त्यांनी चहा संपवला. "मी रस्ता बघतच नव्हते. तू श्वास घेतोयस का, ते बघत होते. प्रत्येक वळणावर तुझा हात दाराकडे जात होता. शेजारी कोणी बसलं की मी त्याला सांभाळते, बाळा. मला दुसरं काही सुचतच नाही."

"मग?"

"मग तू इथेच थांब."

खरं सांगतो, मला राग आला. आठवडाभर मी हेल्मेट शोधत फिरलो होतो. आणि भीतीही वाटली, त्यांच्यासाठी. मी कुंपणाशी जाऊन उभा राहिलो.

पहिली फेरी नेहमीसारखीच झाली. दुसऱ्या फेरीत हिरवी गाडी वळणावर आली ती वेगळीच. लहानसं इंजिन जीव काढून ओरडत होतं, पुढचं चाक बरोबर आतल्या कडेला लागलं, आणि गाडी वळणातून अशी सुटली की माझ्या तोंडून काहीतरी निघालं, काय ते आठवत नाही. पुढच्या वळणाला एक मोठी गाडी तिच्या मागे लागली होती, पण ती मागेच राहिली. मग समोर निळी गाडी आली. पेव्हरेलसाहेबांनी लगेच वाट दिली आणि सवयीने हातही वर केला. बाई त्यांच्या शेजारून निघून गेल्या. त्यांनी आभार मानले नाहीत. मानही हलवली नाही. तीस वर्षं त्यांना ओळखतोय मी, मला दोन मिनिटं पटेचना.

परत आल्या तेव्हा हेल्मेटखालचे केस चपटे झाले होते आणि चेहरा लाल होता.

"येतं मला," त्या म्हणाल्या. कोणाला तरी खबर द्यावी तसं, शांतपणे. मग डोळे पुसले आणि शेजारच्या माणसाकडून पाना मागून घेतला.

"पाना कशाला?"

"डावी सीट चार बोल्टांवर असते," त्या गाडीत वाकून म्हणाल्या. "काढली की वजनही कमी होतं."

"बाई, मग मी घरी कसा जाणार?"

"पेव्हरेल सोडतील. मी विचारलंय."

"आणि ट्रेव्हर? त्याला क्लबला कोण नेणार?"

"जन्मभर बस चालवली त्याने. आता जरा बसमध्ये बसू दे."

सीट त्यांनी माझ्या हातात दिली. चांगलीच जड होती. संध्याकाळी पेव्हरेलसाहेबांच्या निळ्या गाडीत ती मांडीवर घेऊन मी बसलो, आणि ते फाटकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आधी जाऊ देत राहिले. आमच्या पुढून हिरवी गाडी टप उघडून रस्त्याला लागली. बाईंनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि निघाल्या. शेजारी नुसता पत्रा होता, आणि बाई गात होत्या, मोठ्याने, बरंच बेसूर. मी त्यांच्या शेजारी किती तास बसलोय त्याची गणती नाही, पण त्यांना गाताना मी कधी ऐकलं नव्हतं.