एक माणूस कमी

बेटावर तिला सगळे गिनतीमावशी म्हणत. कागदोपत्री ती मार्गदर्शक. जुना तुरुंग हिंडून दाखवायचा, कोठड्या उघडायच्या, बेड्या हातात घेऊन हसत फोटो काढणाऱ्यांना ‘आता पुरे’ म्हणायचं, ही नोकरी. पण बाईचा खरा जीव गिनतीत. पर्यटकांचं मोठं जहाज खोल पाण्यात थांबे, लहान होड्यांनी माणसं धक्क्यावर येत, आणि तिथल्या अरुंद दारात ही उभी. जोडीजोडीने आत सोडायची आणि दर वीस माणसांमागे हातातल्या दोरीला एक गाठ मारायची. परतताना त्याच गाठी सोडत जायची. एकवीस वर्षांत एकदाही चूक नाही, आणि हे ती स्वतःच सांगायची. लाजायचं कशाला?

ही पद्धत तुरुंगातलीच. तिचे वडील गोदीच्या संपात पकडले गेले आणि चार वर्षं इथेच होते. कैद्यांना दिवसातून तीनदा जोडीने बसवून मोजायचे. लेकीने त्याच भिंतींत नोकरी धरली तेव्हा म्हातारा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. शेवटी तिनेच विषय काढला. “बाबा, ते मोजायचे कोणी पळू नये म्हणून. मी मोजते कोणी मागे राहू नये म्हणून.” दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने तिचा डबा भरून दिला.

या वर्षी मात्र जहाजवाल्यांनी मशीन आणलं. गळ्यातलं कार्ड मशीनला लावायचं, टिक् वाजलं की माणूस मोजला गेला. मावशीमुळे उशीर होतो अशी तक्रारही त्यांनी दोनदा केली. बेटाच्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, “मावशी, आता एकदा जरी खोळंबा झाला, तरी तुम्ही तिकीटखिडकीत. माझाही नाइलाज आहे.”

आणि नेमकं आजच घोडं अडलं. सकाळी आले होते दोनशे चौदा. शेवटची होडी भरली, दहाही गाठी सुटल्या, आणि वरचे निघाले तेरा.

“एक कमी आहे,” मावशी म्हणाली.

जहाजाचा तरुण अधिकारी मशीन घेऊन पुढे आला. “हे बघा, दोनशे चौदा. सगळे चढले. होडीचा दोर सोडा.”

“मशीनने कार्डं मोजली. मी डोकी मोजलीत.”

“ओहोटी लागलीय, मॅडम! अर्ध्या तासात होडी गाळात बसेल.”

“म्हणून तर सांगते. आम्हीही संध्याकाळी कुलपं लावून जातो, रात्री इथे कोणी नसतं. पुढचं जहाज आठ दिवसांनी. तोवर त्या माणसाने इथे काय करायचं?”

होडीतून एक टकले आजोबा ओरडले, “अहो बाई, चला की! किती वेळ ताटकळत ठेवणार? तिकडे जेवण गार होतंय!” बाकीच्यांनीही त्यांची री ओढली. साहेब धावत आले. त्यांचा चेहरा बघूनच मावशीला तिकीटखिडकी आठवली. खिडकीमागे बसून उरलेली वर्षं काढायची? क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं असेल. मग तिला स्वतःचाच राग आला. माझं चुकेल? माझं?

“साहेब, उद्या खुशाल खिडकीत बसवा. आज दोर सुटणार नाही,” ती म्हणाली आणि दोराची गाठ आणखी घट्ट आवळून आत पळाली.

कुठे शोधायचं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. दुपारभर ऊन मी म्हणत होतं. दमलेला माणूस जिने चढत नाही, सावली धरतो. उत्तरेकडची रांग सर्वांत गार, आणि शेवटच्या कोठडीत दगडी ओटा. तिथेच होत्या. चपला काढून, पर्स उशाला घेऊन एक आजी गाढ झोपल्या होत्या. कानातलं यंत्र पर्सच्या कप्प्यात. होडीच्या शिट्ट्या काय, तोफ वाजली असती तरी कळलं नसतं.

मावशीने त्यांना हाताला धरून धक्क्यावर आणलं, आणि मघाचे टकले आजोबा ताडकन उठले. त्यांच्या गळ्यात दोन कार्डं.

“अगं, तू? मला वाटलं तू मैत्रिणींबरोबर पहिल्या होडीने गेलीस!”

आजींनी यंत्र कानात घातलं. “माझं कार्ड का नेलंत?”

“तू हरवतेस म्हणून.”

“आज मलाच हरवलंत की!”

होडीत हशा पिकला, पण आजींनी मावशीचा हात सोडला नाही. आजोबांना मान वर करवेना. साहेब समुद्राकडे बघत होते. आणि मावशी? तिचा ऊर असा भरून आला की तिला वाटलं, आज बाबा इथे हवे होते.

आजी होडीत बसल्या. पाणी खरोखरच उतरत होतं. अधिकाऱ्याच्या हातात मशीन होतं, आकडाही बरोबर होता. त्याने ते खिशात टाकलं आणि तो मावशीपुढे सरळ उभा राहिला.

“मावशी, किती?”

चौदावा माणूस डोळ्यांसमोर बसला होता. तरी तिने घाई केली नाही. होडीतलं पहिलं डोकं धरून पुन्हा एकेक मोजलं, आणि या वेळी कोणी हूं की चूं केलं नाही.

“दोनशे चौदा,” ती म्हणाली. “आता न्या.”