एका ट्रॉलीत मावणारी कंपनी

कंपनीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण ऑफिसात सगळ्यात फास्ट टाइप मी करते. दुसरं काहीच कारण न्हाई. हिंगोलीत पहिलीच नोकरी, रील बनवायला लागले होते. प्लॉटिंगची कंपनी म्हणजे काय, तर कुणाचं तरी रान घ्यायचं, एन.ए. म्हणजे बिनशेती करायचं, मुरूम टाकून रस्ते आखायचे, प्लॉट पाडायचे आन् विकायचे. पुसेगावकडं नवीन लेआउट निघणार होतं. त्याच्या उद्घाटनाला चकचकीत पुस्तिका वाटायची होती आन् त्यात ‘आमची वाटचाल’ पाहिजे होती.

साहेबांनी समोर बसवून सांगायला घेतलं. सुरुवात लहानपणच्या कष्टापासून. कोणते कष्ट, विचारलं, तर म्हणले, ते तू टाक तुझ्या मनानं. मग हळदीचा व्यापार, मग जेसीबी, मग एके दिवशी सामान्य माणसाला हक्काचं घर द्यावं असं त्यांच्या मनात आलं. कोणत्या दिवशी आलं, तेपण मीच ठरवायचं. बोलता बोलता ते स्वतःवरच इतके खुश झाले की डोळे पुसायला टिश्यू मागितला. मी टाइप करून राहिले होते आन् मनात म्हणत होते, या कंपनीनं आजपर्यंत एक खोली बांधली न्हाई. ऑफिससुद्धा भाड्याचं.

मग मी जुने फोटो काढले. कुरुंद्याचं लेआउट, डोंगरकड्याचं लेआउट, मधली अजून काही. प्रत्येक फोटोत तीच कमान. लोखंडी, वर दोन मोर, डाव्या मोराची मान मोडलेली. खालच्या फ्लेक्सवर नगरीचं नाव तेवढं वेगळं. मला वाटलं फोटोच मिसळले असतील. ट्रॅक्टरवाल्या मामांना विचारलं तर ते हसायलाच लागले. कमान एकच आहे कंपनीची, म्हणले. एका जागचे प्लॉट विकून झाले की ट्रॉलीत टाकायची आन् पुढच्या जागी उभी करायची. दगडांचंपण तसंच.

दगड म्हणजे प्लॉटच्या चार कोपऱ्यांना रोवतात ते हद्दीचे. चुना मारलेले, वर लाल रंगात नंबर. कंपनी ते उपटते, परत चुना मारते, नवीन नंबर टाकते आन् नवीन गिऱ्हाइकाला दाखवते. बघा, कसं पक्कं काम आहे. झाला इतिहास. एक ट्रॉली दगड आन् मान मोडलेला मोर. काही वर्षांनी माणूस घर बांधायला येतो तेव्हा रानात नुसतं गवत, आपला प्लॉट कुठून कुठपर्यंत ते त्याला सांगता येत न्हाई. तो ऑफिसात आला की त्याला आलं घातलेला चहा द्यायचा आन् सरकारी मोजणी मागवा म्हणायचं. चहा मात्र खरंच चांगला असतो.

डोंगरकड्याच्या त्या लेआउटात माझ्या मावशीचा प्लॉट होता. मावशी अंगणवाडी सेविका. काका गेल्यापासून दिराच्या घरात एका खोलीत राहायची. आता दिराच्या पोराचं लग्न ठरलं होतं आन् त्या खोलीला रंग कोणता द्यायचा याची चर्चा घरातले लोक मावशीच्या समोरच करून राहिले होते. तिनं गवंडी बघून ठेवला होता. दिवाळी झाली की पाया खोदायचा, लग्नाच्या आत दोन खोल्या उभ्या करायच्या. मोजणीची वाट बघत बसली असती तर लग्न होऊन नवरी खोलीत आली असती आन् मावशी ओसरीवर.

आन् मामा म्हणले, डोंगरकड्याचे दगड आणायला परवा जायचंय.

मी साहेबांकडं गेले. म्हणलं, सर, माझ्या मावशीचा प्लॉट आहे तिथं, तेवढे चार दगड राहू द्या.

“काहून?” साहेब म्हणले. “प्लॉट कागदावर आहे ना? जमीन काय पळून जाऊन राहिली का?”

वरून म्हणले, तुझी मावशी ती माझीपण मावशी, आन् हे वाक्य पुस्तिकेत घे, ‘ग्राहक हाच परिवार’ असं काहीतरी करून.

मी मावशीला फोन लावला. मला वाटलं रडेल, तर तिनं विचारलं, “तुझे साहेब देवाधर्माचं लई करतेत ना?”

लई, मी म्हणलं. बोटात अंगठ्या, मनगटावर नुसते धागे, लिंबू-मिरची लावल्याशिवाय गाडी पार्किंगमधून हलत न्हाई.

“बरं,” म्हणली आन् फोन ठेवला.

परवाच्या दिवशी ट्रॉली निघाली, त्यात मी रील काढायला. विषय दिला होता ‘कंपनी कामावर’. सकाळीच पोचलो. मजुरांनी कडेचे बरेचसे दगड उपटून ट्रॉलीत टाकले आन् मग आतल्या बाजूला गेले, तिथंच थांबले. पुढच्यानं चप्पल काढली. मागच्यांनीपण काढली.

मावशीचे चारी दगड शेंदरानं माखलेले. तेल घालून चांगला जाड थर दिलेला. प्रत्येकापुढं फोडलेलं नारळ, उदबत्ती, पानावर गूळ. मधोमध मावशी पदर डोक्यावर घेऊन बसलेली. आमच्याकडं शेंदूर लागलेल्या दगडाला कुणी पहार लावत न्हाई. तो म्हसोबा झाला. मामांनी लांबूनच हात जोडले आन् साहेबांना फोन केला.

साहेब आले ते तावातावात आले. पण सवय कुठं जाती, गाडीतून उतरून आधी नमस्कार केला, मग चिडले. नमस्कार केल्यावर चिडून काय उपयोग.

“हे देव कधी बसले इथं?”

“तुमीच बसवले की साहेब,” मावशी म्हणली. “मी फक्त शेंदूर लावला.”

साहेबांनी मजुरांकडं बघितलं. एकानं सरळ सांगितलं, घरी लेकरं आहेत, आमी हात लावणार न्हाई, तुमी लावा. साहेबांनी स्वतःच्या मनगटावरचे धागे बघितले आन् गाडीत जाऊन बसले.

तोपर्यंत बाजूच्या प्लॉटवाल्या दोन-तीन बायका गावातून शेंदराच्या पुड्या घेऊन आल्या. त्यांचेपण दगड वाचले. एक शिक्षक होते, त्यांनी हे सगळं अंधश्रद्धा आहे म्हणून हसून घेतलं. त्यांचे दगड पुसेगावला गेले. आता ते मावशीच्या म्हसोबापासून टेप लावून आपला प्लॉट शोधतात आन् जाताना गपचूप नारळ ठेवतात.

पुस्तिका निघाली. साहेबांनी शेवटी एक ओळ मला स्वतः सांगून टाकायला लावली, कंपनीनं डोंगरकड्याला देवस्थान उभारलं. फोटो मावशीच्या कोपऱ्याचा. साहेब हात जोडून उभे. या कंपनीनं उभारलेली एकच गोष्ट, आन् तीपण मावशीनं उभारलेली. मी ती ओळ टाइप केली, फाइल पाठवली आन् त्याच मेलमध्ये खाली राजीनामा.

मावशीच्या दोन खोल्या लग्नाच्या आधी झाल्या. फक्त गवंडीपण इथलाच निघाला. कंपाउंडची भिंत घालताना म्हणला, मावशी, मी देव हलवणार न्हाई. मावशीनं लाख सांगितलं की अरे बाबा, मीच लावलाय तो शेंदूर, डबा अजून फळीवर आहे. ऐकला न्हाई. भिंत चारी कोपऱ्यांत आत वळवली आन् चारी म्हसोबा बाहेर ठेवले.

आता दर अमावस्येला गावातले लोक येतात. मागच्या महिन्यात मी गेले तर मावशी झाडू घेऊन नारळाच्या शेंड्या गोळा करून राहिली होती.

“माझ्याच दारात येऊन मलाच म्हणतेत, बाई, जरा बाजूला व्हा, दर्शन घ्यायचंय,” ती म्हणली आन् अर्धं खोबरं माझ्या हातात दिलं.