डाऊन म्हणजे मोकळं

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी वाशी-येडशी भागातल्या एका सहकारी सूतगिरणीत संगणकाचं काम पाहत होते. दुष्काळामुळे कापूस नव्हता, गिरणी अर्धी बंद होती, पण आवारातल्या विहिरीला पाणी होतं. तिथून आसपासच्या वस्त्यांना टँकर जात. कोणत्या वस्तीला किती खेपा, ही यादी मी रोज संध्याकाळी ऑफिसात तयार करायचे. ती तारेवरून विहिरीजवळच्या फाटकावरच्या खोलीतल्या संगणकावर जायची आणि सकाळी मामा ती छापून ड्रायव्हरांना द्यायचे.

मामा म्हणजे येडशीच्या नॅरोगेज स्टेशनावरून निवृत्त झालेले सांधेवाले, रूळ बदलणारे आणि सिग्नल पाडणारे. इंग्रजीची मोठी अक्षरं त्यांना रेल्वेनं शिकवली होती. माझ्या याद्यांची ते फार थट्टा करत. "बाई, श्वास घ्यायचं बी लिहून ठिवलंय का न्हाय?"

उन्हाळ्यात फाटकातला संगणक बंद पडला. बदली आला तो वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा. तार तीच, नेटवर्क कार्डही तेच, पण त्या कार्डाला कामाला लावणारा माझा छोटा प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमसाठी लिहिलेला होता. मी वहीत दोन रकाने आखले, जुनी आणि नवी. जुनीवर कार्डाला पत्ता, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, दिला की ते आपोआप जागं व्हायचं. नवीवर आधी कार्ड सिस्टीमला जोडायचं, मग पत्ता द्यायचा, मग वेगळा हुकूम देऊन जागं करायचं. आणि लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. असे अकरा फरक निघाले. अकराही फरकांपुढे खुणा करून मी प्रोग्रॅम बसवला. मामांना सांगितलं, "लाईट आली की ही एक कळ दाबायची. कार्ड बंद दिसलं तर मला हाक मारायची."

जुना प्रोग्रॅम रोमन अक्षरांत 'तयार' नाहीतर 'बंद' असं दाखवायचा. नव्यात मी सिस्टीमचेच शब्द राहू दिले, 'अप' आणि 'डाऊन'. वेळ वाचला.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला माळावरच्या एका वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. त्यांची वस्ती मी आदल्या संध्याकाळीच यादीत घातली होती, पण मामांनी ड्रायव्हरांना परवाची यादी दिली होती. नवी तिथं पोचलीच नव्हती. गिरणीच्या चेअरमनसाहेबांनी आधी टँकर वस्तीकडे धाडला, मग मामांकडे वळले. "वाचता येत नाही त्याला फाटकावर बसवलंच कशाला? उद्यापासून दुसरा माणूस."

मामा खुंटीवरचा टॉवेल काढून घडी घालू लागले.

साहेब गेल्यावर मी विचारलं, "मामा, पडद्यावर काय आलं होतं?"

"डाऊन."

"मग मला हाक का नाही मारली?"

"आता कशाला मारू? डाऊन म्हंजी मोकळं की! शिग्नलचा हात खाली पडला की लाईन किलेर. हात वर आसंल तर गाडी हुबी. जलमभर तेच केलं."

"आणि आधीचे तीन दिवस? तेव्हा तर अप होतं."

मामा आवाज खाली आणून म्हणाले, "व्हय. अप हुतं, तरी यादी येतीया. म्हनलं, बाईची गाडी शिग्नल मोडून पळतीया. पर सायबाला कशाला सांगू? तुमचीच नोकरी जायची."

मला हसू आवरेना, आणि पुढच्याच क्षणी मान वर करवेना. तीन दिवस हा माणूस मला सांभाळून घेत होता.

मी प्रोग्रॅम उघडला. रात्री लाईट गेली होती, आणि ती आल्यावर मामांनी कळ दाबली तेव्हा कार्ड जोडून व्हायच्या आतच माझा प्रोग्रॅम त्याला पत्ता द्यायला धावला होता. तिथं थोडा थांबा घातला. मग वहीत अकराच्या खाली बारावा फरक लिहिला, 'शब्द', आणि मामांना विचारलं, "चालू असलं तर काय दाखवू?"

"मोकळं."

"आणि बंद असलं तर?"

"अडलं. अजून काय!"

दुपारी वही घेऊन मी चेअरमनसाहेबांना फाटकात आणलं. प्रोग्रॅमची घाई आणि पडद्यावरचे शब्द, दोन्ही चुका माझ्या, हे आधी सांगितलं. मग तार काढून मामांना कळ दाबायला लावली. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. "अडलं. बाईस्नी हाक मारा." तार लावली, लाईट घालवून पुन्हा आणली. मामांनी कळ दाबली आणि आम्ही तिघं पडद्याकडे बघत राहिलो. थांबा जरा जास्तच झाला होता.

"मोकळं," मामा म्हणाले.

साहेबांनी माझ्या वहीतला बारावा फरक वाचला. "बाई, हा पहिला लिहायला पाहिजे होता," म्हणाले, आणि मामांकडे न बघताच त्यांची खुर्ची पुढे सरकवली. "बसा."

मामांनी टॉवेल परत खुंटीला लावला.