लातूरची लाल केसांची सून

नांदेडच्या स्टँडवर लातूरची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत अर्धापूरची डझनभर केळी, पोळी-भाताचा डबा आणि डोक्यात सणक होती. बारावीच्या क्लाससाठी लातूरला ठेवलेल्या आमच्या अविनाशच्या खोलीत एका लाल केसांच्या पोरीचा फोटो आहे, अशी खबर शेजारणीनं आणली होती. फोटो फाडायचा आणि पोराला घरी आणायचं, असं ठरवूनच निघाले. मी तेव्हा चाळिशीतली मास्तरीण. आज सत्तरीत मला ती तेव्हाची मास्तरीण एसटीत शेजारी भेटली, तर मी जागा बदलीन.

लोह्याला बांगड्यांचं गाठोडं घेऊन एक खाला (मावशी) शेजारी बसल्या. त्यांनी न विचारताच मी सगळं सांगून टाकलं.

"लाल केस? ओठ रंगवलेले?" खाला म्हणाल्या. "अशी सून नशिबानं मिळती, बाई!"

"सून कशाला म्हणता तिला!"

"मग केळी कुणाला घेऊन चाललात?" असं म्हणत त्यांनी त्यातली दोन खाल्लीसुद्धा.

अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, काळ्या रानांतली तूर मागं पडली. लातूर आलं ते क्लासच्या पाट्या घेऊनच. पाटीपाटीवर पहिल्या आलेल्या पोरांचे घाबरलेले चेहरे. रिक्षावाल्यानं "कुठं जायचं?" असं विचारलंच नाही. "मेडिकल का इंजिनियरिंग?" म्हणाला.

भूकंपानंतर बांधलेली पत्र्याची खोली. भिंतीवर ती होती. कमरेपर्यंत लाल केस, डोळ्यांत बोटभर काजळ, अंगात झालरींचा झगा. मी सरळ फोटो ओढला. तो बरोबर नाकातून फाटला.

"आई! अगं, तो मुलगा आहे!" अविनाश ओरडला. "जपानचा. गिटार वाजवतो."

"हे असले कपडे घालून?"

"ते लोक असेच नटतात. व्हिज्युअल केई म्हणतात त्याला." (म्हणजे नटूनथटून रॉक गाणाऱ्यांचा पंथ.) भूकंपाच्या गावांत घरं बघायला आलेल्या एका जपानी इंजिनियर बाईंनी त्याला फोटो आणि दोन कॅसेटी दिल्या होत्या. त्यांच्याकडंही जमीन हलते म्हणे.

"आणि अभ्यास सोडून हे ऐकतोस?"

"हे लावल्याशिवाय झोप येत नाही," तो खाली बघत म्हणाला. "शांत झालं की जमीन गुरगुरतेय असं वाटतं."

भूकंपाच्या साली गणपती विसर्जनाला तो किल्लारीकडं मामाच्या गावी गेला होता. घर पडलं, पोरगं धडधाकट हाती लागलं. मी देवापुढं नारळ फोडला आणि विषय मिटवला. तू काय ऐकलंस, असं मास्तरणीनं एकदाही विचारलं नव्हतं. वर्गात मात्र दिवसभर प्रश्नच विचारायची!

मी त्याचा वॉकमन कानाला लावला. आधी वाटलं, भांड्यांची मांडणी कोसळली. मग त्या कोसळण्यातून एक गळा वर आला, उंच, रडवेला, पण पडायला अजिबात तयार नसलेला. कॅसेटची अख्खी बाजू ऐकली.

मग डबा उघडला आणि भाताची शितं चोळून फोटो जोडला. नाक जरा वाकडं बसलं. अविनाश हसला, मग तीन केळी खाल्ली.

पोराऐवजी त्याची दुसरी कॅसेट आणि वॉकमन घेऊन मी परतले. "एक दिवस माझा मी झोपून बघतो," अविनाश म्हणाला. एसटीत माझ्या कानाला वॉकमन बघून कंडक्टरनं विचारलं, "भजन का, बाई?"

"हाव," मी म्हणाले, "जपानी."

डॉक्टर काही तो झाला नाही. दिवा मालवून शांत झोपतो, तेवढं मला पुरतं. वाकड्या नाकाची सून आता नांदेडला माझ्या खोलीत भिंतीवर असते. तिच्या गाण्याशिवाय आता मला झोप येत नाही.