सतरा आरत्या आणि एक ठराव

देवदत्तकाकांनी जन्मभर पुलांखाली उभं राहून वर बघण्याची नोकरी केली. न्यू जर्सीतले पूल तपासायचे आणि भेगा, गंज, गळती वहीत टिपायची. पुलाशी बोलावं लागत नाही. घरी आलं की रेणूकाकू असायच्या, आणि त्यांच्यापुढे काकांच्या वाट्याला 'हं' आणि 'बघू' एवढेच दोन शब्द उरायचे. मी एडिसनमध्ये त्यांच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षं भाड्याने राहिले. त्यात 'बघू' मी फार तर दहा-बारा वेळा ऐकलं असेल.

काकू वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे. ऑफिसातून उशीर झाला तर माझं ताट झाकून ठेवायच्या. इथल्या मराठी मंडळाच्या त्या सहा वर्षं अध्यक्ष होत्या आणि निवडणूक झाली नसती तरी अध्यक्षच राहिल्या असत्या. त्यांच्यापुढे उभं राहायची कोणाची टाप नव्हती.

काकू ओक ट्री रोडवर भाजीला गेल्या की मात्र काकांना कंठ फुटायचा. निवृत्तीनंतर त्यांना एकच व्यसन लागलं होतं, टीव्हीवर सिनेटचं कामकाज बघायचं. इतर लोक क्रिकेट बघतात तसे काका सिनेट बघत. २००५च्या वसंतात तिथे मोठीच हमरीतुमरी चालली होती. न्यायाधीशांच्या नेमणुका अडवायला विरोधी पक्ष फिलिबस्टर वापरत होता आणि सत्ताधारी ती पद्धतच मोडीत काढायला निघाले होते.

"म्हणजे करतात काय नेमकं?" मी विचारलं.

"बोलतात," काका म्हणाले. "तिथे एकदा बोलायला उभं राहिलं की कोणी खाली बसवू शकत नाही. बोलणं चालू तोवर व्होटिंग नाही. बिल नको असलं की बोलत राहायचं. एकाने तर भर सभागृहात तळलेल्या कालवांची रेसिपी सांगितली होती."

"मस्त आहे की!"

"मस्त कसलं? पन्नासेक वर्षांपूर्वी एक जण चोवीस तास बोलला. कशासाठी, तर काळ्या लोकांच्या मताच्या हक्काचं बिल अडवायला. बिल पास झालं ते सोड. हत्यार तसं वाईटच आहे, नीलांबरी." एवढं बोलून ते पाणी प्यायले. दाराशी गाडी वाजली आणि काका पुन्हा 'हं'वर आले.

ऑगस्टमध्ये काकूंनी मला ऐंशी पाकिटांवर स्टॅम्प चिकटवायला बसवलं. मी टीव्ही बघत बघत चिकटवले, आत काय आहे ते पाहिलंही नाही. सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून मी लोकांच्या चुका शोधायचा पगार घेते, आणि माझ्याच मानेवर पडणाऱ्या सुरीला मी स्वतः धार लावून दिली. शेवटचं पाकीट उरलं तेव्हा काकांनी ते उघडून माझ्यापुढे ठेवलं. "वाच," म्हणाले.

मंडळाच्या घटनेत दुरुस्ती करायची होती. यापुढे मतदानाचा आणि पदाचा अधिकार फक्त ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना. व्हिसावरच्या लोकांनी यावं, जेवावं, टाळ्या वाजवाव्यात. गणपतीच्या शनिवारी, आरतीनंतर चार वाजता, वार्षिक सभेत हात वर करून मतदान. घटनेप्रमाणे त्या दिवशी आम्हा व्हिसावाल्यांनाही मत होतं, पण नोटीस फक्त जुन्या आजीव सभासदांना जाणार होती.

माझं डोकंच फिरलं. लोकांना वाटेल, मंडळाच्या मताचं एवढं काय? अठरा पूर्ण झाली तेव्हा माझं नाव नागपूरच्या यादीत आणि मी पुण्याच्या हॉस्टेलवर. मग इथे आले. इथे मत नाही, आणि इथून तिकडचं मत देता येत नाही. तिशी आली तरी पृथ्वीच्या पाठीवर मला मत द्यायची जागा एकच होती, ती म्हणजे हे मंडळ, आणि तिथेही अजून हात वर करायची वेळ आली नव्हती. आता तीही चालली होती.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. "काकू, हे काय आहे?"

"रागावू नकोस गं," त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "तुझ्यासाठी नाहीये ते. मागच्या दिवाळीला ती मुलं आली, मतं देऊन नाटक कॅन्सल केलं, डीजे आणला. मार्चमध्ये निम्मी जॉब बदलून कॅलिफोर्नियाला. खुर्च्या कोणी उचलल्या? यांनी, पाठीला पट्टा लावून."

"मग आम्हाला विचारा ना तसं! नोटीस का नाही पाठवली?"

"पाठवली असती तर तुम्ही आला असतात," काकू म्हणाल्या. प्रामाणिक बाई. मग पोळी उलटून त्यांनी मला तूप हवं का विचारलं.

मी ओळखीच्या पंधरा-वीस जणांना फोन केले. कोणाचं प्रॉडक्शन रिलीज, कोणाकडे लाँग वीकेंडचे पाहुणे अजून मुक्कामाला. "यार, मंडळाचं काय एवढं," असंही दोघं म्हणाले. येतो म्हणणारे चार निघाले. काकांना विचारलं तर म्हणाले, "बघू."

शनिवारी शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाचा गणपती बसला. जेवणं झाली, मुलांचे नाच झाले आणि साडेतीनला आरतीचं तबक काकांच्या हातात आलं. आरती दरवर्षी तेच म्हणायचे. बोलताना जो आवाज कुठे असतो कोण जाणे, तो आरतीला छताला जाऊन लागायचा. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची, दत्ताची, विठोबाची झाली. नेहमी इथे काकू मंत्रपुष्प सुरू करतात, की आरती संपली. काकूंनी अक्षता वाटल्या आणि श्वास घेतला. काकांनी मारुतीची आरती सुरू केली.

लोक उत्साहाने टाळ्या वाजवू लागले. मारुती झाला. काकूंनी पुन्हा तोंड उघडलं, तोवर शनी आला होता. मग सत्यनारायण, तुळस, गंगा, नर्मदा. कुठल्याशा टेकडीवरच्या देवीची एक आरती तर इतकी संथ निघाली की एका कडव्यात कापूर बदलावा लागला. आरती मधेच तोडायची नाही, चालू असताना खाली बसायचं नाही, हे आपल्या हाडात मुरलेलं. गुडघे दुखणारे आजोबा एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होते, पण बसले नाहीत. "मॉम, इज इट ओव्हर यट?" एक पोरगं विचारत होतं, आणि आई त्याचे हात धरून टाळ्या वाजवत होती.

बाराव्या आरतीला काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हॉल पाचला रिकामा करायचा होता!

मी तिथेच फिसकन हसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग घड्याळाकडे. त्यांनाही कळलं. तेराव्या आरतीच्या शेवटी त्यांनी श्वाससुद्धा न घेता मंत्रपुष्पाला हात घातला आणि पुढच्या दोन रांगा त्यांच्या मागे गेल्याही. काकांनी डोळे मिटले आणि इतक्या वरच्या पट्टीत खंडोबाला हाक घातली की दोन्ही रांगा सुतासारख्या सरळ परत आल्या. काकू लाल झाल्या. पण करणार काय? हातात अक्षता, समोर देव, आणि देवाचं नाव घेणाऱ्या नवऱ्याला 'गप्प बसा' म्हणायचं कसं?

पावणेपाचला शाळेचा कस्टोडियन किल्ल्या घेऊन आला. सगळे उभे आहेत हे पाहून त्याने टोपी काढली आणि तोही उभा राहिला. पाचला पाच मिनिटं असताना काकांनी स्वतःच काकूंना खूण केली, की म्हणा आता.

ठराव आलाच नाही. घटनेप्रमाणे त्या सभेत मत न पडलेली दुरुस्ती पुढच्या वर्षावर जाणार होती आणि नोटीस नव्याने काढावी लागणार होती.

परतताना आम्ही तिघं एकाच गाडीत. मी मागे, मांडीवर मसालेभाताचं रिकामं पातेलं. मला हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती. पार्सोनेज रोडच्या सिग्नलला काकू बोलल्या.

"किती झाल्या?"

"सतरा," काकांचा आवाज घोगरा झाला होता.

"एवढ्या येतात तुम्हाला? तीस वर्षांत कधी कळलं नाही."

"तू दरवेळी पाचव्यालाच संपवतेस."

"मी चुकीचं सांगतेय का?" काकू एकदम म्हणाल्या. "खुर्च्यांचं? नाटकाचं?"

"बरोबर सांगतेस," काका म्हणाले. "पण हिच्यासमोर सांग. हिला नोटीस पाठवून सांग."

लग्नानंतर त्यांनी काकूंना सलग म्हटलेली तीन वाक्यं ती हीच असावीत. मला काकांचा इतका अभिमान वाटला की पातेल्यासकट त्यांना मिठी मारावीशी वाटली.

पुढच्या वर्षी नोटीस सगळ्यांना गेली. या वेळी दोनशे साठ स्टॅम्प, आणि मी प्रत्येक पाकीट वाचून चिकटवलं. काकूंनी तोच ठराव आणला, शब्दही न बदलता, आणि वीस मिनिटं अशा काही बोलल्या की डीजेवाली मुलं खाली मान घालून बसली. मग मी बोलले. माझा वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा काकूंनीच "बोलू दे तिला" म्हटलं. काका आरती पाचातच संपवून शेवटच्या रांगेत बसले होते.

ठरावाच्या बाजूने हात वर झाले, आणि त्यात देवदत्तकाकांचा हात! मी धावतच त्यांच्याकडे गेले. "काका, तुम्ही?"

"अडवणं वेगळं, मत वेगळं," ते म्हणाले. "खुर्च्या मी उचलतो, नीलांबरी. शिवाय मला संसार करायचाय."

मी इतकी चिडले की जागेवर न जाता तिथेच त्यांच्या शेजारी बसले. ठराव शेवटी नऊ मतांनी पडला, पण तोवर कोणालाच अंदाज नव्हता. "विरोधात," काकू म्हणाल्या आणि पेन हातात घेऊन रांगांतून मोठ्याने मोजत निघाल्या. मी हात वर केला. काकू एकेक हात मोजत आमच्या रांगेत आल्या, माझ्यासमोर थांबल्या, पेन माझ्याकडे रोखलं. "एकोणसत्तर," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मला रडू फुटलं. हात तसाच वर. सत्तर, एकाहत्तर करत काकू रांगेच्या टोकाला पोचल्या, आणि तिथून मागे वळून ओरडल्या, "अगं, मोजला तुझा! घे की खाली आता!"