सुशीलाबाईंची खुर्ची

वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून मी घेतलेल्या पहिल्याच बैठकीत सफाईचं काम करणाऱ्या सुशीलाबाई दाराला टेकून उभ्या दिसल्या, दुखरा पाय जरासा उचलून. इतकी वर्षं त्या अशाच उभ्यानं सूचना ऐकत आल्या होत्या. मी शेजारची खुर्ची ओढली. "सुशीलाबाई, बसा."

मोठे डॉक्टर हसले. "सिस्टर, अशानं ही माणसं डोक्यावर बसतील."

"सर, आधी खुर्चीवर तर बसू द्या."

शब्द मागे घ्यावेसे मला वाटले नाहीत. धाकात ठेवलं की माणसं कामं करतात, असंच मला शिकवलं गेलं होतं. धाकानं फरशी चकचकीत होते, हे खरं. पण ती पुसणारीला काय दिसलं, ते कधीच कळत नाही.

सुशीलाबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सात नंबरच्या आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. ताट पलंगाखाली सरकवतात."

हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते रिपोर्ट बुकात लिहिलं आणि पुढे सुशीलाबाईंचं पूर्ण नाव घातलं.

"नाव कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांनी पाहिलं म्हणून," मी म्हणाले, आणि नावाखाली ठसठशीत रेघ ओढली.